माझदाच्या रोटरी इंजिनावर ४५ मिनिटं बोलायचंय, काय घेऊ आणि काय सोडू?

गिअरगोंधळ: मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना माझदा या जपानी मोटार कंपनीच्या रोटरी इंजिनाचा (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, ते) इतिहास सांगायचाय. प्रोजेक्टर आहे, इंजिन नाही. १९२० पासून सगळं कोंबलं तर नुसती सनावळी होईल. सुरुवात कुठून करू? आणि हातात धरून दाखवता येईल असं काही सुचवा.

तीनचाकी: १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून (माझदाची पहिली रोटरी गाडी) सुरू करू नका, सगळे तेच करतात. हिरोशिमातला बुचाचा कारखाना (१९२०), मालवाहू तीनचाकी (१९३१), आर३६० ही चिमुकली कार (१९६०), एवढं पाच मिनिटांत उरका. मग मुलांना विचारा, एवढ्याशा कंपनीने असल्या भलत्या इंजिनात हात का घातला? त्या सुमारास जपानी सरकारचं उद्योग खातं छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायच्या विचारात होतं. आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हवं म्हणून अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा जर्मनीत गेले आणि एनएसयू कंपनीकडून वांकेल इंजिनाचा, म्हणजे याच रोटरी इंजिनाचा, परवाना घेतला. हौस नव्हती ती, धंदा वाचवायचा होता.

सीलतज्ज्ञ: त्यापुढची अर्धी वेळ सीलना द्या. रोटरच्या तिन्ही टोकांवर वायू गळू नये म्हणून पट्टीसारखी सील असतात. चालताना ती थरथरत आणि हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) आतल्या क्रोमच्या थरावर आडव्या लाटा उमटत. कारखान्यात त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो आणि त्यांच्या गटाने (एकूण ४७ जण) सीलमध्ये आडवीउभी भोकं पाडून कंपनाची वारंवारता बदलून पाहिली. विक्रीच्या गाडीत मात्र ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील आली. चूक घर्षणाची वाटत होती, निघाली कंपनाची. मुलांना हे नीट समजावा, बाकीचं आपोआप मार्गी लागेल.

पुठ्ठाबहाद्दर: मॉडेल पुठ्ठ्याचं करा, खऱ्या मापात. रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंत आर = १०५ मिमी, विकेंद्र अंतर (शाफ्टच्या आणि रोटरच्या मध्यातलं) ई = १५ मिमी. कोन अ ० ते ३६० अंश घेऊन एक्स = ई कॉस ३अ + आर कॉस अ, वाय = ई साइन ३अ + आर साइन अ, असे बिंदू काढून जोडा. हाउसिंग २४० × १८० मिमी येईल. रोटर १८२ मिमी बाजूचा समभुज त्रिकोण. कडा सरळ ठेवल्या तरी चालतात, खऱ्या रोटरच्या फुगीर असतात. गिअरशिवाय रोटर हमखास अडकतो. रोटरमधल्या आतल्या दातांच्या गिअरच्या आणि मधल्या स्थिर गिअरच्या दातांचं प्रमाण ३:२ ठेवा, म्हणजे त्रिज्या ४५ आणि ३० मिमी. टोकं १ मिमी घासून घ्या.

आकारमानही तिथेच काढून दाखवा. ३ × √३ × १०५ × १५ × रुंदी. रुंदी ६० मिमी धरली की ४९१ सीसी, म्हणजे कॉस्मोचं एक रोटर. ८० धरा, ६५४ येईल. फळ्यावर हे जुळलं की वर्ग जागा होतो.

गिअरगोंधळ: भारी! पण दोन रोटर म्हणजे ९८२ सीसी, मग ११० अश्वशक्ती कशी?

सीलतज्ज्ञ: शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक स्फोट होतो. चार स्ट्रोकच्या पिस्टनला त्यासाठी दोन फेरे लागतात. म्हणून तुलना दुप्पट सीसीच्या पिस्टन इंजिनाशी करा.

तीनचाकी: उतरतीही दाखवा, नाहीतर जाहिरात होईल. ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते आणि इंधन अर्धवट जळतं. १९७३ च्या तेलसंकटात तेच नडलं. १९९१ ला ७८७बी या रोटरी रेसकारने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, आरएक्स-८ या रोटरी गाडीचं उत्पादन २०१२ ला थांबलं, २०२३ ला ८३० सीसीचा एक रोटर एमएक्स-३० गाडीत जनरेटर म्हणून परतला. तिची चाकं विजेची मोटर फिरवते.

पुठ्ठाबहाद्दर: कुणी कॉम्प्रेशन (कक्षातला दाब) कसं मोजायचं विचारलं तर सांगा, साधा गेज फसवतो. त्यातली झडप सर्वांत मोठा आकडा धरून ठेवते आणि कमजोर बाजू झाकली जाते. झडप काढून स्टार्टरने इंजिन फिरवलं की काट्याचे तीन झटके सारखे हवेत. एखादा बुटका निघाला तर त्या बाजूचं सील गेलंय.