सल्ला हवा: 2 किलो ॲल्युमिनियम वितळवायला किती गॅस लागेल?

नवी_मूस: भंगारातले पिस्टन आणि थोडे कॅन वितळवून छोट्या पुल्या ओतायच्या आहेत. एका वेळी 2 किलो, एलपीजीवर. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तांबं 1085 ला. म्हणजे ॲल्युमिनियमला उष्णता कमीच लागणार ना? मग भट्टी लहान चालेल का? पुढे पितळही करायचं आहे, तर मूस (धातू वितळवायचं भांडं) कोणती घेऊ?

ओतशाळा: नाही, इथेच गफलत होते. किती तापवायचं ते वेगळं आणि किती उष्णता ओतायची ते वेगळं. 1 किलो ॲल्युमिनियम 25 अंशांवरून 660 पर्यंत न्यायला सुमारे 670 किलोज्यूल लागतात. नुसतं वितळायला, तापमान एक अंशही न वाढता, आणखी 397. एकूण 1,065 च्या घरात. तांब्याला किलोमागे 675 पुरतात, शिशाला जेमतेम 63! साचा मात्र वजनाने नाही, आकारमानाने भरतो. 1 लिटरच्या साच्याला ॲल्युमिनियमचे सुमारे 2,900 किलोज्यूल, तांब्याचे 6,000.

तुमचे 2 किलो 720 अंशांवर ओतायचे तर 2,300 किलोज्यूल, म्हणजे हिशेबाने फक्त 50 ग्रॅम गॅस. पण घरगुती भट्टीत दहातला एक भाग धातूपर्यंत पोचला तरी पुष्कळ. अर्धा किलो धरा. पहिला घाणा जास्त खातो, कारण आधी भट्टीच तापते. लागोपाठ दुसरा घ्या, फरक लगेच कळेल.

तांबट_आळी: पितळ करायचंच आहे तर सिलिकॉन कार्बाइड-ग्रॅफाइटची मूस घ्या. लोखंडी भांडं ॲल्युमिनियममध्ये हळूहळू विरघळतं, ओतीव ठिसूळ होते. भट्टीला 25 मिमी सिरॅमिक वूलचे दोन थर, आतून रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणाऱ्या) सिमेंटचा लेप. बर्नर तिरका बसवा, ज्योत मुशीभोवती फिरली पाहिजे. सिलिंडर व्यावसायिक 19 किलोचा आणि प्रेशर कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर. पितळाला झाकण हवंच, काम उघड्यावर. पितळातलं जस्त 907 अंशांना उकळतं, तो पांढरा धूर छातीत गेला तर ताप भरतो.

नवी_मूस: थर्मोकपलचा (धातूचं तापमान मोजायच्या साधनाचा) काटा 570-580 वर अडकून बसतो. बर्नर कमी पडतोय का?

ओतशाळा: बर्नर ठीक आहे. पिस्टनमध्ये साधारण 12 टक्के सिलिकॉन असतं, ती मिश्रधातू 577 च्या आसपास वितळते. सगळा माल पातळ होईपर्यंत काटा तिथेच राहणार. घाईने गॅस वाढवू नका, काटा हलला की तापमान झपाट्याने चढतं. 750 च्या वर गेलात तर धातू हायड्रोजन शोषते आणि पुलीत बारीक छिद्रं पडतात. आधी पिस्टन वितळवा, कॅन नंतर त्या रसात दाबून बुडवा, नाहीतर निम्मे मळीत (रसावर साचणाऱ्या कचऱ्यात) जातील. ढवळत बसू नका, ओतायच्या आधी एकदाच मळी काढा.

तांबट_आळी: एक अत्यंत महत्त्वाचं. कॅनमध्ये थेंबभर पाणी राहिलं तरी वाफ होऊन रस अंगावर उडतो. भंगार, चिमटा, मळी काढायचा झारा, सगळं भट्टीच्या तोंडाशी तापवून मगच आत घाला. खाली काँक्रीट नको, कोरड्या वाळूचा थर हवा.