सूरच्या खाडीवरची जकात: चोरी की हक्क?

खाडीकाठचा

ओमानमध्ये मी नऊ वर्षं होतो, त्यातली शेवटची तीन सूरला. पश्चिमेला सूर गाव, समोर पूर्वेला ऐगा नावाची वस्ती, मधे खाडी. तोंडाशी पाणी इतकं अरुंद की या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ओ मिळावी. ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो आणि जुन्या गलबतांच्या फळ्या त्यातून वर डोकावतात. आता पूल झालाय, पण पूर्वी पलीकडे जायचं तर होडीच. ऐगाच्या टेकाडांवर पहाऱ्याचे गोल बुरूज अजून उभे आहेत.

मालाची खरी भानगड याच दोन काठांमध्ये होती. सूरच्या बाजूला जनबा कबिला, ऐगावर बनी बू अली. ऐगाला माल उतरवला की मस्कतच्या सुलतानाच्या जकातवाल्याच्या हाती काही लागत नसे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तर बनी बू अलींच्या अमिराने सुलतानाची जकात तिथे साफ नाकारली आणि स्वतःची चौकी घातली. मस्कतचा दरबार आणि त्याच्या मागे उभे असलेले इंग्रज वर्षानुवर्षं या एका वस्तीशी झगडत राहिले.

इंग्रजी कागदपत्रांत या लोकांना चाचे, तस्कर, बंडखोर म्हटलंय. मला ते पटत नाही. जकात बुडवणं आणि जकात नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुडवणारा रात्री माल उतरवतो. यांनी भरदिवसा सांगितलं की हे बंदर तुमचं नाही.

आणि त्या जकातीचं होत काय होतं? मस्कतची जकात एकोणिसाव्या शतकात बहुतेक काळ मक्त्याने दिलेली, मक्तेदार बहुधा कच्छी भाटिया व्यापारी. १८९९मध्ये सुलतान फैसलने ती स्वतःच्या हाती घेतली. परदेशी मालावरचा दर तहांनी ५ टक्क्यांवर बांधलेला, म्हणजे सुलतानाला वाढवायची सोय नाही. १९१२मध्ये इंग्रजांनी मस्कतला बंदुकांचं सरकारी गोदाम करायला लावलं आणि शस्त्रांचा खुला व्यापार बंद पाडला. सुलतानाला भरपाई म्हणून वर्षाला १ लाख रुपये मिळाले. डोंगरातल्या कबिल्यांना काय मिळालं? काहीच नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी सालिम बिन राशिद अल खरूसी यांना इमाम, म्हणजे धर्माचा आणि राज्याचा प्रमुख, निवडलं आणि उठाव केला. एवढं कारण पुरेसं आहे असं मी म्हणतो.

जुनीपानं

तुम्ही तिथे राहिलात, म्हणून तुमची माया समजते. पण तुमच्याच लेखात एक वाक्य आहे जे तुमचं सगळं म्हणणं उलटवतं: "स्वतःची चौकी घातली." म्हणजे अमिराला जकात नको होती असं नाही. ती स्वतःच्या थैलीत हवी होती. माल आणणाऱ्या नाखव्याला पैसे मोजायचेच होते, फक्त घेणारा हात बदलला.

दुसरं, सूरची गलबतं फ्रेंच निशाण का लावत होती ते तुम्ही सोडून दिलंत. इंग्रजांच्या युद्धनौकांना झडती घेता येऊ नये म्हणून. आणि झडतीत बऱ्याचदा काय सापडायचं? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवून आणलेली माणसं. हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. ८ ऑगस्ट १९०५चा निकाल आहे: २ जानेवारी १८९२नंतर नवीन निशाणं द्यायची तर ती फक्त १८६३पूर्वीपासून फ्रेंच आश्रयाला असलेल्यांनाच. साम्राज्यांची भांडणं होती हे मान्य. पण गलबताच्या तळाशी कोंबलेल्या त्या माणसांच्या बाजूने बघा. त्यांच्यासाठी झडती घेणारा इंग्रज होता म्हणून ती झडती वाईट ठरत नाही.

आणि जकातीशिवाय राज्य चालतं कसं? १६७१मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र सर्वांना माहीत आहे. बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातलं, मीठ स्वस्त पडतं आणि संगमेश्वरच्या मिठाला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा. ते राज्यकर्त्याचं शहाणपण. मग तोच हक्क मस्कतच्या सुलतानाने बजावला तर तो जुलूम कसा?

पलटणकर

माझे आजोबा मराठा पलटणीत होते, म्हणून एक गोष्ट सांगतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जुन्या युद्धसन्मानांत "बेनी बू अली" हे नाव आहे. लहानपणी मला वाटायचं कुणा माणसाचं नाव असेल. ते हेच बनी बू अली.

१८२०च्या नोव्हेंबरात कॅप्टन थॉम्पसन मुंबई इलाख्याचे शिपाई घेऊन मस्कतचा राज्यकर्ता सय्यद सईद याच्याबरोबर त्यांच्या गावावर चालून गेला. कबिल्याने तलवारी घेऊन अशी झडप घातली की निम्म्याहून जास्त शिपाई तिथेच पडले. मग १८२१मध्ये जनरल लायोनेल स्मिथ मुंबईहून मोठी फौज घेऊन गेला, २ मार्चला गाव पाडलं आणि कैदी मुंबईला आणले. तेव्हा कारण जकात नव्हतं, चाचेगिरीचा आरोप होता. पण शंभर वर्षांनी त्याच लोकांनी इंग्रजांच्या पाठिंब्यावरच्या सुलतानाला चौकी का घालू दिली नाही, हे समजायला १८२१ आठवावं लागतं. गाव बेचिराख झालेलं लोक विसरत नाहीत.

आणि मारणारे हात आपलेच होते, हेही लिहून ठेवतो. १९१५च्या जानेवारीत मस्कतशेजारच्या मत्रह बंदराजवळ बैत अल फलजच्या ठाण्यावर इमामाच्या बाजूचे सुमारे ३,००० कबिलेवाले चालून आले. त्यांना परतवणारे ७००च्या आसपास जवानही हिंदीच होते. आजोबांच्या पलटणीचा मला अभिमान आहे, पण ही लढाई आपली नव्हती.

मीठभाकर

@जुनीपानं, महाराजांचं पत्र तुम्ही बरोबर आठवलंत, पण ते खाडीकाठचा यांच्या बाजूने जातं. महाराजांनी जकात बसवली ती आपल्या मिठागरवाल्याचं पोट वाचवायला. मस्कतचा दर परक्या राष्ट्रांशी केलेल्या तहात बांधलेला. जकात एकच, पण एकीकडे तिने घरचा माणूस सावरला, दुसरीकडे परक्याचा माल सुखाने आत आला.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. १९३०च्या मे महिन्यात शिरोड्याला लोकांनी मिठागरात शिरून कायदा मोडला आणि लाठ्या खाल्ल्या. जवळपास त्याच वर्षांत अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर ऐगाचा झगडा चालू होता. शिरोड्याच्या सत्याग्रहींना आपण कायदेभंग करणारे म्हणतो ते मानाने. मग समोरच्या किनाऱ्यावरचे लोक तस्कर का? कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचेच म्हणत होते. कान्होजी स्वतःचा दस्तक (परवाना) घेतल्याशिवाय गलबत जाऊ देत नव्हते, एवढाच त्यांचा गुन्हा. या शिक्क्यावर आपण तरी विश्वास ठेवू नये.

शब्दाचंही बघा. आपली जकात मुळात अरबीच. तिकडे ती धर्माने ठरवलेली, गरिबासाठी काढायची. सुलतानाचा माणूस नाक्यावर बसून हात पुढे करतो, तेव्हा इमामाला मानणाऱ्याला ते किती लागत असेल, याचा विचार करा.

जुनीपानं

शिरोड्याची तुलना मला मान्य नाही. तिथल्या माणसाने मूठभर मीठ उचललं आणि लाठी अंगावर घेतली. त्याला स्वतःचा नाका उभारायचा नव्हता. ऐगाचा अमीर तेच करत होता. कान्होजींचं म्हणाल तर त्यांच्यामागे छत्रपतींचं राज्य होतं. आणि गुलामांच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. ते टाळून स्वातंत्र्याची भाषा करता येणार नाही.

खाडीकाठचा

टाळत नाही. गुलामांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. सूरच्या नाखव्यांनी तो पैसा खाल्ला आणि फ्रेंच निशाणाआड लपून खाल्ला. तिथे माझ्याकडे एकही सबब नाही. अमिराने जकात स्वतःसाठी घेतली हेही खरं.

पण वाद फक्त अमिराचा नव्हता. समाईलच्या डोंगरी खोऱ्यातून उंटावर खजूर लादून मत्रहला उतरणारा शेतकरी बघा. खजूर विकायचा, त्या पैशांत तांदूळ आणि कापड घ्यायचं, परत चढायचं. तांदूळ-कापड बहुतेक मुंबईहून आलेलं, बंदरात घेतलेली जकात त्याच्या भावातच बसलेली. वर त्याच्या खजुरावर वेगळा कर. १९२०मध्ये कबिल्यांना वठणीवर आणायला इंग्रज एजंट विंगेटने काय केलं? डोंगरातून येणाऱ्या मालावर दंडाचा भारी कर बसवायला लावला. फौज पाठवायची गरजच नाही, खजूर कुजू द्यायचा. नाका हे हत्यार म्हणून वापरलं गेलं ते असं.

आणि २५ सप्टेंबर १९२०ला किनाऱ्यावरच्या सीबला सुलतान आणि कबिल्यांमध्ये तह झाला तेव्हा कबिल्यांच्या पदरात पहिलं काय पडलं? मस्कत, मत्रह, सूर आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत डोंगराकडच्या आतल्या भागातून येणाऱ्या कुणाकडूनही ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये. म्हणजे जकात माफ झाली नाही, तिला मर्यादा पडली. तो तह १९५०च्या दशकापर्यंत टिकला. जुनीपानं, तुम्ही विचारता जकातीशिवाय राज्य कसं चालतं. त्या लोकांनी जकातीशिवायचं राज्य मागितलंच नव्हतं.

जुनीपानं

सीबचं कलम माझ्या लक्षात नव्हतं. डोंगरातल्या शेतकऱ्यापुरतं तुमचं म्हणणं घेतो. ऐगाच्या अमिराला मात्र मी त्याच्या शेजारी बसवणार नाही.