पोलिंगला काय म्हणाल?

दुपारचा चहा: जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणतोय. वरचा प्रोसेसर खालच्या कंट्रोलरांना पाळीपाळीने विचारतो, "काही सांगायचंय?" हे पोलिंग. आधीच्या अनुवादकाने लिहून ठेवलंय, 'प्रोसेसर सतत मतदान घेतो.' काय करू?

मोगरा: क्रमपृच्छा.

घाटावरची: म्हणजे काय, हे विचारायला आणखी एक पृच्छा! सरळ 'हजेरी' लिहा.

जुना खांब: हजेरीत पोरगं नुसतं 'हजर' म्हणतं. इथे ते 'बाई, ह्याने मला मारलं' हेही सांगतं. आणि आमच्या तोंडात शब्द होता स्कॅनिंग. सी-डॉट या देशी एक्स्चेंजच्या बेस मॉड्यूलला ५१२ पोर्ट, म्हणजे जोडण्यांच्या जागा, १२८चे चार गट, गटागणिक एक टीआयसी, म्हणजे त्या गटावर नजर ठेवणारा कंट्रोलर. कुणी रिसीव्हर उचलला की टीआयसीला दिसणार, तो 'मेसेज स्विच'मार्फत बेस प्रोसेसरला निरोप धाडणार. आमचा एक मेकॅनिक म्हणायचा, "टीआयसी गस्तीवर आहे." मला तर 'गस्त'च आवडतो.

दुपारचा चहा: पण खांबकाका, लाइन स्वतः बोलत नाही. तिच्यातून करंट वाहतोय का, एवढंच बघायचं. ती गस्त ठीक. कंट्रोलर मात्र उत्तर देतो.

पाटीपूजक: इंग्रजीत पोल म्हणजे मुळात डोकं! डोकी मोजता मोजता मतं मोजायला लागले. म्हणजे आपली शिरगणतीच की.

घाटावरची: शिरगणती दहा वर्षांनी होते हो. ही एका सेकंदात किती वेळा!

मोगरा: वर 'निरोप' वाचला. लेखी मराठीत 'संदेश' हवा. निरोप समारंभाला देतात.

जुना खांब: आमच्या कोकणात निरोप ठेवतात, सांगतात, धाडतात. समारंभ शाळेत.

घाटावरची: आमच्याकडे 'सांगावा'. आजोबांच्या लेटरहेडवर शेजारच्या वाण्याचा नंबर होता, पुढे कंसात पी.पी. वाण्याचा पोरगा सांगावा घेऊन पळत यायचा. पी.पी. म्हणजे 'पलीकडचा फोन' असंच मला वाटायचं.

पाटीपूजक: छे हो. ते 'पर्टिक्युलर पर्सन'. ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घ्यायचा परगावचा फोन, ठरावीक माणसालाच जोडायचा, तो शब्द तिथला.

मोगरा: ट्रंक कॉलचा आणि शेजाऱ्याच्या फोनचा काय संबंध?

जुना खांब: आहे, सांगतो. आधी ट्रंक बुकिंग कसं चालायचं ते ऐका.

दुपारचा चहा: मी तूर्त 'पोलिंग'च ठेवतोय.

मोगरा: अनुस्वार कशाला? 'पोलिङ्ग' लिहा.