मदत हवी आहे: पारंपरिक कराटे आणि स्पर्धा, दोन्ही जमतं का?

नमस्कार मंडळी,
माझा मुलगा कराटे शिकतो. सर जुन्या वळणाचे आहेत: काता (एकट्याने करायचा ठरावीक हालचालींचा क्रम), पायांची ठेवण, एकेका ठोशात सगळी ताकद. आता त्याला स्पर्धेत उतरायचंय आणि तिथे डोक्यावरची लाथसुद्धा आवरून मारायची असते. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सौदीच्या तारेग हामेदीची लाथ बसून इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. आघात प्रमाणाबाहेर म्हणून हामेदी बाद आणि सुवर्णपदक खाली पडलेल्या गंजजादेला! निर्णय नियमाला धरूनच होता असं मला वाटतं, पण मुलाला तो काही केल्या पटत नाही.

नियमांमुळे विद्या आक्रसते हेही दिसतं. ज्युदोत २०१३ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उभ्याने लढताना हाताने पाय धरणंच बंद झालं. तरी खरोखर प्रतिकार करणारा, अनोळखी प्रतिस्पर्धी स्पर्धेतच भेटतो, तो कातामध्ये कुठून मिळणार?

ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी कृपया सांगा. दोन्ही सराव वेगवेगळ्या दिवशी ठेवावेत का? गुणांसाठी झटकन टेकवून मागे सरकायची सवय लागली की मूळ ठोशातला जोर कमी होतो का? आणि सरांचं मन न दुखावता हा विषय त्यांच्याकडे कसा काढावा?