रीफ टँकमधील प्रवाळांसाठी दिव्याची तीव्रता कशी ठरवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतील आमच्या घरी 50 सेंटिमीटर खोलीचा रीफ टँक (प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची टाकी) असून त्यावर मधोमध एकच एलईडी दिवा आहे. दिव्याच्या थेट खाली ठेवलेल्या टॉर्च कोरल या प्रवाळाच्या शुंडकांचा रंग फिकट होत चालला आहे आणि दुपारी प्रकाश पूर्ण वाढला की ती आक्रसून जातात. कडेच्या खडकावरचे अ‍ॅक्रोपोरा हे दुसरे प्रवाळ मात्र तपकिरी पडू लागले आहे. पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे यंत्र) भाड्याने आणून मोजले, तेव्हा टॉर्चपाशी 260 आणि अ‍ॅक्रोपोरापाशी जेमतेम 120 असा आकडा आला. टॉर्चला साधारणपणे 80 ते 150 पुरते, तर अ‍ॅक्रोपोराला 250च्या आसपास तरी हवे. पाण्यातील नायट्रेट 5 पीपीएमवर (दहा लाख भागांत 5 भाग) स्थिर आहे, त्यामुळे मला दोष प्रकाशाचाच वाटतो.

दोघांची अदलाबदल करणे सरळ दिसते. पण प्रवाळाच्या ऊतींतील शैवालाला एकदम वाढलेला प्रकाश सोसत नाही, याची धास्ती वाटते. तेव्हा दिवा उंच टांगून प्रकाश पसरवावा, की अदलाबदल करून तीव्रता निम्म्यावर आणावी आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवावी? पांढरा प्रकाश कमी करून 420 ते 460 नॅनोमीटरचा निळा तसाच ठेवला, तर टॉर्चला आराम पडेल का? टॉर्च वाचावे अशी फार इच्छा आहे. अनुभवींनी कृपया सविस्तर सांगावे.