मदत हवी आहे: मुळे (खाडीतले शिंपले) काढायची जागा उपग्रहाच्या चित्रात दिसतच नाही

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात कर्ली खाडीच्या काठी आमचं घर. एम.एस्सी.साठी आमच्याच वाडीचा नकाशा करतोय: खाडी आणि दर्या कुणाला काय देतात, आणि ते नेमकं कुठून मिळतं. प्रबंधातलं नाव याहून बरंच लांबलचक आहे, ते जाऊ दे.

सोपं होतं ते उरकलं. कांदळवन रंगवलं, रापणीचं मोठं जाळं ओढतात तो किनारा झाला, पर्यटकांच्या होड्या सुटतात ते धक्के झाले, १९८७ सालच्या सागरी अभयारण्याची हद्दही टाकली. घोडं अडलंय मुळ्यांपाशी.

ओहोटी लागली की आमच्या आतेसकट वाडीतल्या दहा-बारा बायका खाडीत उतरतात. पायाने चाचपायचं, वाकून काढायचं, पाटी भरली की थोडे घरी आणि बाकीचे बाजारात. हा पैसा थेट बायकांच्या हातात येतो. पण मासळीची मोजणी होते बंदरावर, पाटीतून परस्पर गेलेले मुळे तिथे कशाला दिसतील? म्हणून निदान माझ्या नकाशावर तरी ही जागा हवीच.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं वापरतोय. एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे एवढा पट्टा दिसायला हरकत नव्हती. ओहोटी खोल जाते म्हणून मुद्दाम अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची, ढग नसलेली सात चित्रं घेतली. सातही वेळा नुसतं पाणी! आतेला लॅपटॉपवर दाखवलं तर म्हणाली, "ह्यात नुसता पाणीच आसा. मगे आमी मुळे काढतो ते खय?"

चुकतोय कुठे?

जाता जाता आणखी दोन शंका. सुंगटांची (कोळंबीची) पिल्लं कांदळवनात वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात पकडली जातात. मग त्यांचा लाभ कुठे दाखवायचा, झाडांत की जाळ्यात? आणि इसवणीची (सुरमईची) खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, दोन तांडेलांनी (होडीच्या म्होरक्यांनी) विश्वासाने सांगितलीत, किती वाव खोल पाणी आणि किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन खुणा जुळवायच्या तेही. सरांना अक्षांश-रेखांश हवेत. माझा हात धजत नाहीये.

कर्लीकाठ

जुना खलाशी:
अरे, तिथी घे आणि तिची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वा अकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धर. आता तुझा उपग्रह आपल्याकडे किती वाजता येतो ते बघ.

नकाशेवेडी:
काका, मानलं! सेंटिनेल-२ कोकणावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, आणि येईल त्या दिवशी त्याच वेळी. म्हणजे उधाणाच्या दिवशी तो बरोबर भरल्या खाडीवर येणार. त्या दिवसांतली खोल ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी, तेव्हा तो इथे नसतोच. कर्लीकाठ, तुम्ही निवडलेल्या तारखा नेमक्या सगळ्यात वाईट होत्या. :)

अष्टमीची चित्रं घ्या. तेव्हा ओहोटी बाराच्या आसपास असते. पण ती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी फार उतरत नाही, त्यामुळे पट्ट्याचा वरचा भागच मिळेल. खालच्या भागासाठी सेंटिनेल-१ बघा. तो रडारवाला आहे, ढग-अंधाराची पर्वा नाही, आणि येतो सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. फक्त वारा पडलेला असला तर ओला चिखल आणि पाणी दोन्ही काळंच दिसतं, म्हणून त्यावर पूर्ण भिस्त नको. खरा उपाय म्हणजे आतेबरोबर पहाटे उतरा आणि मोबाइलवर जीपीएस चालू ठेवून पाण्याच्या कडेने चाला.

सुंगटांचं: कांदळवन हा आधार, जाळं हा लाभ. दोन वेगळे थर ठेवा आणि मध्ये बाण काढा. रुपये मांडायचे असतील तर फक्त जाळ्यापाशी, नाहीतर एकच सुंगट दोनदा विकलं जाईल.

खडपांचे आकडे देऊ नका. पाच किलोमीटरच्या चौकोनांची जाळी टाका आणि तो चौकोन रंगवा. तोही आधी तांडेलांना दाखवून.

जुना खलाशी:
चौकोनही मोठाच ठेव. शहाण्याला एक खूण पुरते.

कर्लीकाठ:
परवा अमावास्या होती. पहाटे पाचला आतेच्या मागोमाग उतरलो. पाणी पार मधल्या धारेपर्यंत गेलेलं. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कडेने चाललो, दोनदा गुडघाभर रुतलो, बायकांची करमणूक झाली. घरी येऊन रेघ क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर माझ्या नकाशात ज्याला मी "खोल पाणी" म्हणून निळा रंग दिला होता, त्याच्या मधोमध हा पट्टा.

शिवाय आते म्हणते तो एक पट्टा नाहीच, तीन आहेत. वरच्यात बारीक मुळे, ते राखून ठेवायचे. मधला रोजचा. धारेकडचा फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो आणि मोठे मुळे तिथेच. तिन्हींना नावं आहेत, पण ती लिहू नकोस म्हणाली.

आता प्रश्न असा की वाळू दर पावसाळ्यात सरकते. रेघ कुठल्या तारखेची ते नकाशावरच लिहू, की दर वर्षीचा वेगळा थर ठेवू?

नकाशेवेडी:
वेगळा थर. आणि तारखेपुढे तिथी लिहा.