मदत हवी आहे: डिप्रेशन आणि जुगाराच्या नादासाठी टीएमएस कुणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतेय. वय ३४, नाशिकला असतो, बरीच वर्षं डिप्रेशन आहे, दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये घेऊन झाल्या पण म्हणावा तसा फरक नाही, आणि त्यात मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायचा नाद लागला. २०२५ मध्ये बंदीचा कायदा आला तेव्हा वाटलं सुटलो, तर आता कुठल्यातरी बाहेरच्या साइटवर क्रिकेटचं बेटिंग करतो. भावजयीने दागिने आईकडे आणून ठेवलेत.

त्याच्या डॉक्टरांनी टीएमएस, म्हणजे चुंबकाने मेंदूला चालना द्यायचा उपचार, सुचवलाय. आई म्हणते शॉक नको. पण हे शॉकसारखं नाही, भूल लागत नाही, फिट आणत नाहीत. डोक्याला कॉइल टेकवतात, तिच्यातल्या करंटने चुंबकीय झटके तयार होतात आणि कपाळाच्या डाव्या बाजूच्या आतला भाग जागा करतात. डॉक्टरांनी मशीन दाखवलं तेव्हा मी तिथेच होते, किती ताकद लावायची ते ठरवायला कॉइल आधी थोडी मागे धरली तर टकटक आवाजाबरोबर त्याचा उजवा अंगठा आपोआप उडायला लागला. तो घाबरला नाही, उलट पुन्हा दाखवा म्हणाला, किती दिवसांनी त्याला कशात तरी इंटरेस्ट घेताना पाहिलं!

आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागेल. त्याला बुप्रोपिऑन ही डिप्रेशनची गोळी चालू आहे, त्याने फिटची शक्यता वाढते म्हणून डॉक्टर आधी डोस बघणार आहेत.

माझी अडचण वेगळी आहे. दुसऱ्या एका सेंटरवाल्यांनी डिप्रेशन आणि जुगार दोन्ही जाईल असं छातीठोक सांगितलं आणि सगळे पैसे आधी मागितले. मी वाचलं त्यात अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपचारांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) टीएमएसला डिप्रेशनसाठी २००८ मध्ये परवानगी दिली, ओसीडीला (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) २०१८, सिगरेट सोडायला २०२०, पण जुगारासाठी नाही. म्हणजे डिप्रेशनसाठी नक्की करूया असं माझं मत झालंय, पण जुगाराच्या भरवशावर पॅकेज घ्यायला मन तयार नाही, त्यासाठी काउन्सेलिंग आणि बँकेचे व्यवहार भावजयीच्या हातात देणं हेच बरं वाटतं.

कुणी घेतलं असेल तर प्लीज सांगा, मूड सुधारल्यावर खेळायची तलफ आपोआप कमी झाली का? की उलट अंगात जोर आल्यावर वाढली, याचीच मला जास्त भीती आहे. डोकेदुखी किती दिवस राहिली, मधे दोन-चार दिवस खाडा झाला तर चालतं का, आणि मेडिक्लेममध्ये बसवलं असेल तर ॲडमिट न होता कसं बसवलं तेही लिहा. सेंटरला सोमवारी हो-नाही कळवायचंय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.